धूळपाटी, पाटी आणि पेटारा : वऱ्हाडातील शिशुवर्गाची साधने व त्यांची नावे

विदर्भातील उन्हाळा कडक असल्यामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा, जून महिन्याच्या उत्तरार्धात उघडतात. त्या सुमारास अमरावतीच्या व अकोल्याच्या बाजारपेठांत शिशुवर्गाच्या शिक्षिका हातात यादी घेऊन फिरताना दिसतात. खडू, पाट्या, रंगपेट्या, चित्रतक्ते, अक्षरपत्ते, मणी, ठोकळे, कात्री, डिंक, बस्करे असे त्या यादीचे सर्वसाधारण स्वरूप असते. ही यादी कोणी ठरविली, तिच्यातील कोणती वस्तू कोणत्या काळी व कोठून आली, आणि तिला 'आवश्यक' हे विशेषण केव्हा जोडले गेले, या प्रश्नांचा विचार सहसा कोणी करीत नाही. शिक्षणाच्या इतिहासात धोरणे, कायदे व संस्था यांना स्थान मिळते. शिक्षिकेच्या टेबलावरील वस्तू मात्र इतिहासाबाहेर राहतात.

प्रस्तुत निबंधाचा विषय याच वस्तू होत. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे त्याची वाट वस्तूंच्या नावांतून जाते, हे आरंभीच सांगितलेले बरे. वस्तू झिजतात, फुटतात, फेकून दिल्या जातात. त्यांची नावे मात्र भाषेत मागे राहतात. या निबंधाचे क्षेत्र मुख्यतः अमरावती व अकोला हे दोन जिल्हे, म्हणजे जुन्या वऱ्हाडाचा मध्यभाग, एवढेच मर्यादित ठेवले आहे. परंतु ज्या विचारप्रवाहांनी येथील शिशुवर्ग घडविला ते पुणे, भावनगर, वर्धा, इतकेच काय पण जर्मनी व इटली येथून आलेले असल्यामुळे प्रसंगी बाहेरही दृष्टी टाकणे भाग आहे.

१. धूळ

पंतोजीच्या शाळेतील पहिले साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ अथवा वाळू पसरावयाची, तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, गुरुजींनी पाहिले की हाताने धूळ सारखी करून पुन्हा तेच अक्षर काढावयाचे. अशा अक्षरांना धुळाक्षरे म्हणत. मोल्सवर्थने १८३१ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात या शब्दांची नोंद केली, त्या वेळी ती रोजच्या व्यवहारातील वस्तूची नोंद होती. आज धूळपाटी कोणीही वापरीत नाही. तरी एखाद्या विषयात नुकताच प्रवेश केलेला मनुष्य 'धुळाक्षरे गिरवीत आहे' असे आपण म्हणतो. त्याच शाळेने भाषेला 'श्रीगणेशा' दिला, 'कित्ता गिरवणे' दिले आणि 'ओनामा' हा शब्दही दिला. हा शेवटचा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचा अपभ्रंश होय. विद्यारंभी हे वचन म्हणण्याची प्रथा विशेषतः जैन परंपरेत दृढ होती. ज्या प्रदेशात कारंज्यासारखे भट्टारकांचे पीठ व हस्तलिखितांचे भांडार होते त्या वऱ्हाडात हा शब्द मुरला असल्यास नवल नाही. (कारंजा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, आता ते वाशीम जिल्ह्यात आहे.)

या धुळीने समुद्रप्रवासही केला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथालयाचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढीत असलेली पाहिली, आणि तीच रीत आपल्या विद्यार्थ्यांकरिता उचलली. १७९७ साली त्याने या प्रयोगाचा वृत्तान्त इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या शाळांतही वाळूची मेजे आली. गरिबांच्या मुलांना स्वस्तात लिहावयास शिकविण्याचे साधन म्हणून इंग्लंडने जी वस्तू कौतुकाने स्वीकारली तीच वस्तू पुढे अर्ध्या शतकात इंग्रजी राज्यातील शिक्षणखात्याच्या दृष्टीने मागासलेपणाची खूण ठरली, हा इतिहासातील विसंवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२. पाटी, फळा आणि खडू

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. त्यानंतरच्या दोन दशकांत सरकारी शाळांचे जाळे येथे विणले गेले. १८६७ साली भुसावळहून अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला. कापसाच्या गाठी मुंबईकडे नेणारा हा मार्ग छापील पुस्तके, नकाशे व लाकडी चौकटीच्या दगडी पाट्या आणण्यासही तितकाच सोयीचा होता.

येथे एक भाषिक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवी वस्तू आली, पण नवे नाव आले नाही. 'पाटी' हा शब्द मूळ लाकडी फळीचा. संस्कृत 'पट्ट', 'पट्टिका' यांच्याशी त्याचे नाते आहे. दगडी पाटीने जुन्या पाटीचे नाव सहज घेतले आणि आपण 'पाटी कोरी असणे' असे म्हणू लागलो. त्याचप्रमाणे 'फलक' या शब्दापासून आलेला 'फळा' भिंतीवर चढला आणि 'खटिके'चा 'खडू' गुरुजींच्या हाती आला. वर्गातील उरलेली शब्दसंपत्ती मात्र बहुतांशी फारसी-अरबीची देणगी आहे. दप्तर, कागद, शाई, दौत, तक्ता, कित्ता हे सर्व शब्द दिवाणी व्यवहारातून शाळेत आले. ज्या सतरंजीवर मुले बसत तिचे नाव तर बुद्धिबळाच्या पटावरून पडलेले आहे. इंग्रजीने त्यात पेन्सिल, स्लेट, बेंच अशी थोडी भर घातली. थोडक्यात, वऱ्हाडातील बालवर्गाचे सामान तीन थरांचे आहे : लिहिण्याची मूळ साधने संस्कृतोद्भव, कचेरीशी संबंध असलेली फारसी, आणि बाजारातून विकत आणावयाची इंग्रजी. प्रदेशाचा राजकीय इतिहास शाळेच्या कपाटात असा क्रमाने रचून ठेवलेला आढळतो.

दगडी पाटीचे गुण उघड आहेत. ती टिकाऊ आहे, पुसता येते, कागद वाचविते. परंतु या साधनाची एक किंमत अशी आहे की ती शाळेच्या हिशोबवहीत कधीच लिहिली गेली नाही. पाटीवर लिहावयाच्या पेन्सिली विसाव्या शतकात मुख्यतः मंदसौर भागातील दगडापासून तयार होत. दगड कापताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत बसून त्यांस सिलिकोसिस हा असाध्य विकार जडत असे. राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने या कामगारांची पाहणी केल्यावर या विकाराची व्याप्ती वैद्यकीय जगापुढे आली आणि १९८२ साली मध्य प्रदेश शासनाने या कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा केला. धूळपाटीवरील धूळ हाताने झटकता येत असे. ही धूळ झटकता येत नव्हती. शालेय साधनांचा इतिहास लिहिणाऱ्याने वर्गाच्या भिंतीपाशीच थांबू नये, याचे हे एक उदाहरण होय.

३. फ्रोबेलच्या देणग्या

लहान मुलांकरिता स्वतंत्र साधने असावीत हा विचार आपल्याकडे फ्रीडरिख फ्रोबेल याच्या पद्धतीबरोबर आला. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे त्याने आपले कार्य आरंभिले आणि १८४० मध्ये त्यास 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांचा बाग, हे नाव दिले. त्याच्या साधनांस तो 'देणग्या' म्हणत असे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची; दुसरी लाकडी गोल, घन व दंडगोल यांची; तिसरी आठ लहान घनांत विभागलेल्या एका घनाची. या क्रमाने मूल सबंधाकडून भागाकडे जाते, अशी त्याची तात्त्विक भूमिका होती.

मराठी भाषेच्या प्रदेशात या पद्धतीचा अभ्यासपूर्वक पुरस्कार करणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचा अग्रक्रम लागतो. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना त्यांनी बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन स्थापन केल्यावर तेथील शिक्षणात तिचा उपयोग केला. फ्रोबेलच्या साधनांतील चेंडू, ठोकळे, कागदाच्या घड्या, विणकाम यांना एका विधवेच्या संस्थेत मानाचे स्थान मिळाले, ही गोष्ट शिक्षणाच्या व समाजसुधारणेच्या इतिहासकारांनी एकत्र वाचावयास हवी.

पुढे सरकारी व नगरपालिकेच्या शाळांतील बालवर्गांत 'किंडरगार्टन' हा शब्द शिरला, परंतु तो एका तासिकेचे नाव म्हणून. ठोकळ्यांची पेटी कपाटात राही. ती आठवड्यातून नेमलेल्या वेळी निघे. सर्व मुलांनी एकाच वेळी एकाच आकृतीत ठोकळे मांडावयाचे आणि आज्ञा होताच परत ठेवावयाचे, असा तिचा उपयोग होई. देणगीची कवाईत झाली. साधन आले पण त्यामागील विचार आला नाही, अशी तक्रार त्या काळच्या शिक्षणशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानातच नव्हे तर युरोपातही केलेली आहे.

वास्तविक फ्रोबेलला अभिप्रेत असलेले पुष्कळसे साहित्य वऱ्हाडी घरात आधीच होते. लोकरीच्या चेंडूऐवजी कापसाचा चेंडू येथे कोणत्याही आईला करता आला असता. सरकी, चिंचोके, कवड्या, गुंजा व सागरगोटे ही मोजण्याची साधने मुलींच्या खेळांत होतीच. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदीबैल सजवून मिरवितात; ओढता येण्याजोगे, मुलाच्या उंचीला साजेसे व गावच्या सुताराने केलेले असे हे खेळणे कोणत्याही शिशुशाळेस शोभले असते. भुलाबाईच्या गाण्यांत तर नात्यांची, दागिन्यांची व खाद्यपदार्थांची नावे क्रमाने गुंफलेली असतात. शब्दसंग्रह वाढविण्याचे ते मौखिक साधनच होय. परंतु जे घरात आहे ते साधन नव्हे, आणि जे पेटीतून येते तेच साधन, अशी समजूत एकदा रूढ झाली की ती सहजासहजी जात नाही.

४. अमरावतीहून भावनगर, भावनगरहून कोसबाड

या समजुतीस सर्वांत जोराचा धक्का ज्या स्त्रीने दिला तिच्या आयुष्याची काही वर्षे अमरावतीत गेली होती. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. पदवीधर झाल्यावर अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह होऊन त्या वऱ्हाडात आल्या. पुढे हा संसार विसकटला. ताराबाई आपल्या लहान मुलीसह काठेवाडात गेल्या, राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयात काम केले आणि १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

भावनगरच्या बालमंदिराचा पाया माँटेसरी पद्धतीचा होता. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे पहिले बालगृह उघडले. त्यांची साधने अत्यंत मोजून-मापून केलेली असत. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जातात. लांबीच्या दांड्या दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत. या साधनांतील एक वस्तू आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे वाळूच्या कागदाची अक्षरे. गुळगुळीत पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाचे अक्षर चिकटविलेले असते आणि मूल त्यावरून बोट फिरवून अक्षराचे वळण स्पर्शाने आत्मसात करते.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की ही आपली धूळपाटीच होय. जी वाळू पंतोजीच्या शाळेतून गावठी म्हणून बाहेर काढली ती पुठ्ठ्यावर चिकटून, शास्त्रीय नाव धारण करून व किंमत घेऊन परत आली. दोहोंत एक फरक मात्र आहे आणि तो न्यायबुद्धीने नोंदविला पाहिजे. वाळूच्या कागदावरील अक्षर स्थिर असते. मुलाचे बोट चुकले तर ते त्याला जाणवते, म्हणून त्यात आत्मसुधारणेची सोय आहे. धूळपाटीवर अक्षर मूल स्वतः निर्माण करते आणि स्वतः पुसते. चूक झाल्याची खूणही मागे राहत नाही. एकात अचूकतेचे शिक्षण आहे, दुसऱ्यात निर्भयतेचे. पंतोजींच्या छडीने त्या निर्भयतेची वाट लावली, हा दोष धुळीचा नव्हे.

माँटेसरींची साधने महाग होती. ती खेड्यापर्यंत जाणे शक्य नव्हते. याच सुमारास वर्धा नदीच्या पलीकडे, वऱ्हाडाच्या सीमेला लागून, दुसरा एक विचार आकार घेत होता. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम उभी राहिली आणि १९४५ मध्ये गांधीजींनी तिची व्याप्ती जन्मापासून अखेरपर्यंत वाढविली तेव्हा पूर्व-बुनियादी शिक्षणाची कल्पना पुढे आली. तिच्या मते मुलाचे साधन म्हणजे त्याच्या भोवतीचे खरे जीवन : झाडू, पाणी, कापूस, टकळी, भाजीचा वाफा. १९४४ च्या सार्जंट अहवालाने सरकारच्या बाजूने दहा लक्ष मुलांसाठी शिशुशाळांची शिफारस केली होती. पण त्या शाळांत कोणत्या वस्तू असाव्यात याचे खेड्याला परवडणारे उत्तर सरकारपाशी नव्हते.

ते उत्तर ताराबाईंनी शोधले. १९४५ साली त्या बोर्डी येथे गेल्या; अनुताई वाघ याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच वस्तीत जाऊन एखाद्याच्या अंगणात वर्ग भरवू लागल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली गेली. खडे, बिया, पाने, शिंपले, माती हीच मोजण्याची, जुळविण्याची व चित्रे काढण्याची साधने झाली. माँटेसरीची शिस्त आणि गावचे साहित्य यांचा हा संयोग होता. 'बालवाडी' व 'अंगणवाडी' ही दोन नावे याच कार्यातून रूढ झाली. त्यांच्या रचनेकडे लक्ष दिल्यास त्यांमागील विचार स्पष्ट होतो. 'बालोद्यान' हे किंडरगार्टनचे भाषांतर होते. 'बालमंदिर' या शब्दात पावित्र्याची भावना होती. 'अंगणवाडी'त मात्र भाषांतर नाही आणि उपमाही नाही. जेथे वर्ग भरला त्या जागेचे ते साधे वर्णन आहे. जागेचे नाव संस्थेस मिळाले, हेच या प्रयोगाचे मर्म होय.

५. ताट आणि पाटी

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आपल्या कीर्तनांतून एक गोष्ट निरनिराळ्या प्रकारांनी सांगितली : प्रसंगी जेवणाचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला. त्या काळच्या कुणब्याच्या किंवा मजुराच्या घरात ताट व पाटी या दोन वस्तूंत निवड करावी लागे, हे वास्तव या उपदेशात गृहीत धरलेले आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली तिच्यामागेही हीच निकड होती. तथापि या सर्व प्रयत्नांचा रोख मोठ्या मुलांकडे होता. सहा वर्षांखालील मूल घरीच राहिले.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन होऊन त्याच्या साहाय्याने बालवाड्या निघू लागल्या. परंतु ताट व पाटी यांची निवड संपविण्याचा पहिला व्यापक प्रयत्न २ ऑक्टोबर १९७५ रोजी आरंभिलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने केला. देशभर निवडलेल्या पहिल्या तेहतीस प्रकल्पांत महाराष्ट्रातील आदिवासी प्रकल्प म्हणून अमरावती जिल्ह्यातील, मेळघाटातल्या धारणीची निवड झाली. कोसबाडच्या अंगणात जन्मलेला शब्द अशा रीतीने अखिल भारतीय योजनेचे नाव होऊन वऱ्हाडात परत आला. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या होत्या. ज्या जिल्ह्याच्या मुख्य नगरातून त्या एके काळी बाहेर पडल्या त्याच जिल्ह्यात त्यांच्या शब्दाचे हे पुनरागमन त्यांना पाहावयास मिळाले नाही.

अंगणवाडीच्या खोलीत ताट आहे, पाटी आहे, आणि त्या दोहोंबरोबर वजनकाटा आहे. मेळघाटातील कुपोषणाचे स्वरूप पाहता काट्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु या खोलीतील कामाचा हिशोब वजनात जितका सहज मांडता येतो तितका शब्दांत मांडता येत नाही, आणि ज्याचा हिशोब होतो त्याकडेच लक्ष जाते. खेळसाहित्याची पेटी मिळाली की शिक्षणाची बाजू पुरी झाली, असे मानण्याची प्रवृत्ती येथूनच निर्माण होते. किंडरगार्टनच्या पेटीचे जे झाले तेच येथेही होण्याचा धोका आहे.

६. पत्त्यावरील अक्षर आणि मुलाच्या तोंडचा शब्द

आता या निबंधाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. आजच्या यादीतील सर्वांत सामान्य वस्तू म्हणजे चित्रांसह अक्षरपत्ते. 'ण' बाणातला, 'ळ' बाळातला, असे शिकविले जाते. वऱ्हाडी बोलीचा अल्प परिचय असणाऱ्यासही यातील अडचण तत्काळ दिसेल. ग्रामीण वऱ्हाडीत प्रमाण मराठीच्या 'ळ'च्या जागी बहुधा 'य' येतो आणि 'ण'च्या जागी 'न'. डोळा हा 'डोया', काळा हा 'काया', जवळ हे 'जवय', पाणी हे 'पानी', बाण हा 'बान'. शब्दारंभीचा 'वि', 'वी' हा 'इ', 'ई' होतो. वीस म्हणजे 'ईस', विहीर म्हणजे 'इहीर'. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची ही लक्षणे नोंदलेली आहेत. म्हणजे विद्वज्जनांना ती ज्ञात होऊन शतकाहून अधिक काळ लोटला. ज्या वर्गात 'ळ'चा पत्ता दाखवितात त्या वर्गाच्या 'फळ्या'लाच मूल 'फया' म्हणते आणि 'शाळे'ला 'शाया'. 'बाळातला ळ' असे सांगितले की त्याने घरी ऐकलेल्या शब्दात तो ध्वनी सापडतच नाही.

प्रस्तुत लेखक अशाच एका बालवर्गात शिकला. चित्र पाहून 'डोया' म्हटल्याबद्दल त्याला उभे करण्यात आले आणि इतर मुलांनी हसून घेतले. चित्र ओळखण्यात चूक झाली नव्हती. डोळा हा डोळाच होता. पण चित्र ओळखणे ही एक परीक्षा आणि ध्वनी उच्चारणे ही दुसरी, हे त्या वर्गातील साधनात वेगळे केलेले नव्हते. पुढे ध्वनिशास्त्र शिकताना कळले की 'ळ'चा 'य' होणे ही आळशी जिभेची खोड नसून नियमबद्ध ध्वनिपरिवर्तन आहे. हे ज्ञान चाळीस वर्षांच्या प्राध्यापकापेक्षा चार वर्षांच्या मुलाच्या शिक्षिकेस अधिक उपयोगी पडले असते.

येथे विपर्यास होऊ नये. मुलाने 'ळ' शिकू नये असे मुळीच सुचवावयाचे नाही. ज्या भूमीत, रिद्धपूरच्या परिसरात, मराठीच्या आद्य गद्याची परंपरा वाढली आणि ज्या ग्रंथाच्या नावातच 'लीळा' आहे, त्या भूमीतील मुलाचा 'ळ'वर पूर्ण अधिकार आहे. प्रश्न एवढाच की हा ध्वनी त्याला नवी देणगी म्हणून द्यावयाचा, की त्याच्या तोंडातील जुन्या ध्वनीचा दंड म्हणून.

मेळघाटात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे अंतर बोलीचे नसून भाषाकुलाचे आहे. कोरकू ही मुंडा शाखेची, ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा; मराठीशी तिचे जन्मतः नाते नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात तिचे सुमारे सव्वासात लाख भाषक नोंदले गेले, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. पाण्याला कोरकू मूल 'डा' म्हणते, घराला 'उरा', वाघाला 'कुला'. वाघाचे चित्र पाहून ते गप्प बसले तर त्याला वाघ ठाऊक नाही असा अर्थ होत नाही. अमरावतीच्या मुलापेक्षा वाघाशी त्याच्या गावाचा परिचय अधिक निकटचा आहे. त्याला फक्त पत्त्याची भाषा ठाऊक नसते.

याहून सूक्ष्म अशी दुसरी बाब संख्येची. कोरकूत सजीव नामांना एकवचन व अनेकवचन यांखेरीज द्विवचनही आहे. दोहोंसाठी एक प्रत्यय आणि त्याहून अधिकांसाठी 'कू' हा दुसरा. खुद्द 'कोरकू' या नावात तो दिसतो : 'कोर' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसे. तेव्हा एक, दोन आणि पुष्कळ हा भेद कोरकू मूल बोलावयास लागल्यापासून व्याकरणातच करीत असते. संख्याज्ञानाचे इतके उत्तम साधन त्याने घरून आणलेले असताना आपण त्याच्यापुढे मणी ठेवतो आणि त्याला मोजता येत नाही असा शेरा लिहितो.

७. समारोप

धूळपाटीपासून आजपर्यंतच्या या वाटचालीत एक आकृती पुनःपुन्हा दिसून येते. साधन बाहेरून येते. येताना त्याच्याबरोबर एक नाव व एक विचार असतो. काही काळाने विचार गळतो आणि पेटी उरते. मग कोणीतरी ताराबाईंसारखी व्यक्ती पेटी बाजूस सारून अंगणातील खडे उचलते आणि विचार पुन्हा जिवंत होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यास पायाभूत मानले आणि मुलाच्या घरच्या भाषेचा आग्रह धरला. त्यानुसार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३ च्या फेब्रुवारीत खेळणी, कोडी, बाहुल्या व चित्रपत्ते असलेला 'जादुई पिटारा' प्रसिद्ध केला. धोरणातील विचार स्वागतार्ह आहे. पेटाऱ्याची जादू मात्र पेटाऱ्यात नसते, एवढे शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाने आपण शिकलो असू तर बरे.

अंगणवाडीच्या योजनेत एक शहाणपणाची तरतूद आरंभापासून आहे : सेविका शक्यतो त्याच गावची असावी. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत कोरकू सेविका पत्त्यावरील वाघ दाखवून आधी 'कुला' म्हणते आणि मग 'वाघ', तेव्हा कोणत्याही यादीत नसलेले सर्वांत आवश्यक साधन ती वापरीत असते. वऱ्हाडी खेड्यातील शिक्षिका 'डोया' ऐकून मान डोलावते आणि नंतर 'डोळा' असे सावकाश म्हणून दाखविते, तेव्हा तीही तेच करते. या साधनास निधी लागत नाही. त्याला मान्यता लागते.

म्हणून या निबंधाची शिफारस लहानशीच आहे. जूनमध्ये जी यादी तयार होते तिच्यात वस्तू, नग व किंमत हे तीन रकाने असतात. त्यांस चौथा रकाना जोडावा : या वस्तूला अथवा चित्राला वर्गातील मुले घरी काय म्हणतात? तो रकाना शिक्षिकेने स्वतः, मुलांना विचारून, भरावा. अध्यापनविद्यालयांनी तो भरावयास शिकवावे आणि आपल्यासारख्या भाषाविभागांनी अशा याद्या गोळा करून त्यांचा अभ्यास करावा. अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांतील शिशुवर्गांच्या याद्या जरी एकत्र आल्या तरी वऱ्हाडी व कोरकू बालभाषेचा असा संग्रह तयार होईल की जो आजवर कोणत्याही सर्वेक्षणाने केलेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास प्रबंधासाठी विषय हवा असेल तर तो येत्या जूनमध्ये आपल्याच गावच्या अंगणवाडीत त्याची वाट पाहत असेल.